पन्नास अधिक पन्नास

नोकरीची सगळी वर्षं माझ्या हातांना स्पिरिटचा वास होता आणि आयुष्यात मी त्याचा थेंबही चाखलेला नाही. पांढुर्ण्याहून सौसरकडे जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये शेजारची बाई नाक मुरडून सरकून बसायची. मला त्याची गंमतच वाटे. मग मी डबा काढायच्या निमित्तानं पिशवी उघडायची आणि सगळ्या बसमध्ये संत्र्याचा वास सुटायचा. बाई आता कोड्यात पडलेली असायची. "तुम्ही करता तरी काय?" या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं: "संत्र्याचा वास काढते आणि बाटलीत भरते."

बोरगावच्या कारखान्यांच्या रांगेत आमचा एक लहानसा कारखाना होता. सरबतवाले, गोळीवाले, बिस्किटवाले यांना लागणारा संत्र्याचा इसेन्स आम्ही करायचो. मी तिथली केमिस्ट. प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबलं, एक बेसिन आणि एक पंखा, जो सुरू केला की कागद उडत आणि बंद केला की मी घामानं निथळत असे. पण त्या खोलीची मी राणी होते, हे आजही सांगायला मला संकोच वाटत नाही.

संत्र्याची साल वाकवून एकमेकांच्या डोळ्यांत चिळकांडी उडवण्याचा उद्योग आमच्या भागात प्रत्येकानं लहानपणी केलेला असतो. ती चिळकांडी म्हणजे तेल. मृगाच्या आणि आंबियाच्या बहारात डागी, फुटकी संत्री तिगावकडून, सौसरकडून गाड्या भरून यायची, बायका त्यांची साल काढायच्या आणि यंत्रात सालीचं तेल निघायचं. पण हे तेल तसंच सरबतात ओतलं तर बाटलीच्या गळ्याशी पिवळं कडं धरतं. तेल आणि पाणी यांचं जमत नाही. त्यात गंमत अशी की तेलाचा मोठा भाग म्हणजे नुसतं तेल असतं. वासाचा खरा जीव एका लहानशा भागात असतो, आणि तेवढाच बाहेर काढायचा असतो. त्यासाठी स्पिरिटात पाणी मिसळून त्यात तेल घुसळायचं. वास स्पिरिटात उतरतो, उरलेलं तेल वर तरंगतं. स्पिरिट फार कडक असलं तर सगळं तेलच आत येतं. पाणी जास्त झालं तर वाससुद्धा बाहेर राहतो. म्हणून स्पिरिटात पाणी किती, यावर आमचा सगळा धंदा उभा होता.

आता स्पिरिट पाण्यातही मिसळतं आणि तेलातही, हे कसं? हे मी नव्या कामगारांना माझ्याच संसारावरून समजावून सांगायची. माझं माहेर सावरगावचं, सासर पांढुर्ण्याचं. मध्ये जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीच्या खेळात, माझा भाऊ त्या काठावर आणि दीर या काठावर. मी कुणाच्या बाजूची? मी घरात हळद आणि कापूस तयार ठेवून बसायची, कारण डोकं कुणाचंही फुटलं तरी येणार माझ्याकडेच. स्पिरिटाच्या कणाचंही तसंच असतं. त्याचं एक टोक पाण्यासारखं असतं, ऑक्सिजनला चिकटलेल्या हायड्रोजनचं. पाण्याचे कण आपसांत हात धरून असतात, त्या हाताला हायड्रोजन बंध म्हणतात. स्पिरिटाच्या या टोकालाही तसाच हात असतो, म्हणून पाणी त्याला आपलं मानतं. दुसरं टोक म्हणजे कार्बनची शेपटी. ती तेलाच्या नात्यातली.

शेपटी आखूड असेल तर हात जिंकतो. आपलं नेहमीचं स्पिरिट दोन कार्बनचं. ते पाण्यात कितीही ओता, एकजीव होतं. चार कार्बनचं ब्युटेनॉल घ्या, ते थोडंसंच विरघळतं आणि बाकीचं वर थर धरतं. आठ कार्बनचं ऑक्टेनॉल तर तेलासारखं तरंगतं. हात तोच, एकच, पण एवढी लांब शेपटी पाण्यात ओढून न्यायला त्याचं बळ पुरत नाही.

एवढ्याशा ज्ञानावर मी एका व्यापाऱ्याला परत पाठवला होता. कपाळावर टिळा, बोलणं मधासारखं. स्वस्तात स्पिरिट देतो म्हणाला. मी त्याच्या नमुन्यात पाणी ओतलं, हलवलं आणि नळी त्याच्यासमोर ठेवली. हळूहळू वर एक थर जमला.

"मॅडम, अल्कोहोलच आहे, कसम से," तो म्हणाला. "एकाच खानदानातलं."

"खानदान एकच आहे, शेठ," मी म्हटलं, "पण तुमचा माल पोहून राहिला. याले खायच्या चिजेत घालू काय मी?"

त्या दिवसापासून कारखान्यात माझं नाव 'पाणीवाली मॅडम' पडलं. मला ते आवडायचं.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट शालिकभाऊंची.

शालिकभाऊ आमचे स्टोअरकीपर. सौसरचे. उंच, वाकलेले, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. तरुणपणी ते भरपूर प्यायचे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि एका बुद्धपौर्णिमेला विहारात पंचशील घेतल्यावर त्यांनी बाटलीला परत हात लावला नाही, हेही ठाऊक होतं. अशा माणसाच्या हाती स्पिरिटच्या गोदामाची किल्ली देणारे आमचे जुने मालक एक तर वेडे होते किंवा फार शहाणे. शालिकभाऊ मला एकदा म्हणाले होते, "मॅडम, रोज दिवसभर त्याच्यासंगं बसतो आन् संध्याकाळी कोरडा घरी जातो. याहून मोठा विहार कोणता?" त्यांची बायको कांताबाई आमच्याच साल-विभागात होती. तोंडानं फटकळ आणि सुरीला जलद.

तोपर्यंत आमच्याकडे स्पिरिट पाणी घालून तयार होऊनच यायचं. मग मालकांनी कामातून अंग काढलं, नवे मॅनेजरसाहेब आले आणि त्यांनी ठरवलं की कडक स्पिरिट आणायचं आणि पाणी इथंच मिसळायचं. पैसे वाचणार होते, विचार चांगला होता. आबकारीची परवानगीही आली. नेमकी तेव्हा मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. पाण्याचं प्रमाण मी लिहून दिलं होतं, मिसळायचं काम शालिकभाऊंनी करायचं होतं. पाचशे लिटर स्पिरिट, पाचशे लिटर पाणी. माप घेऊन त्यांनी मिसळलं, दुसऱ्या दिवशी टाकीची मापपट्टी पाहिली आणि स्वतः जाऊन मॅनेजरना सांगितलं, "साहेब, हजार व्हाले पाह्यजे होते. तिसेक लिटर कमी भरून राहिले."

टाकी गळते का पाहिलं. गळत नव्हती. दुसऱ्या बॅचलाही तेवढंच कमी. तिसऱ्यालाही. मॅनेजरनी हिशेब केला, आणि तो हिशेब कुणीही तसाच केला असता. पाचशे आणि पाचशे हजार होतात. किल्ली एकाकडे. तो पूर्वीचा पिणारा.

मी रजेवरून परतले तेव्हा कारखाना बदललेला होता. शालिकभाऊंची किल्ली काढून घेतली होती, ते गेटजवळच्या बाकावर नुसते बसून होते. ड्रायव्हर मंडळी जाता येता अंगठा तोंडाला लावून दाखवत. येत्या सोमवारी आबकारीचे साहेब येणार होते, त्यांच्यासमोर शालिकभाऊंना पोलिसांत द्यायचं ठरलं होतं. नोकरी तर गेल्यातच जमा होती.

मी साल-विभागात गेले. कांताबाई मान खाली घालून सुरी चालवत होती. तिचं हे गप्प बसणं मी प्रथमच पाहत होते.

"कांताबाई, तुमाला काय वाटते?" मी विचारलं.

तिनं सुरी थांबवली. "रोज संध्याकाळी दाराशी उभं करून त्याचं तोंड हुंगून राहिली मी, मॅडम. वास नाई येत. पण त्याच्या कपड्याले तर येतेच ना. मग सारी रात झोप नाई लागत. इतक्या वर्साचा सुखाचा संसार, आन् मी कुत्र्यावानी हुंगून राहिली."

हे बोलताना ती रडली नाही. मला मात्र रडू आलं, आणि मग राग आला. रागात मी कामाची असते.

तडक मॅनेजरच्या खोलीत गेले. "साहेब, स्पिरिट कुणी चोरलं नाही. पाणी आणि स्पिरिट एकत्र आलं की जागा कमी लागते. पाण्याचे आणि स्पिरिटाचे कण एकमेकांचे हात धरतात, एकमेकांच्या फटींत बसतात, दाटीनं राहतात. पन्नास आणि पन्नास शंभर होत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. ऑपरेशन डोळ्याचंच झालं होतं ना, असा तो चेहरा होता. "मॅडम, हिसाब सीधा आहे. तुमचं मन चांगलं आहे, पण गणिताला मन नसते."

"सोमवारी तुमच्याच हातानं ओतून पाहा," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर. बंद खोलीत मी काही दाखवणार नाही. बदनामी उघड्यावर झाली आहे."

सोमवारी साल-विभागाच्या शेडमध्ये टेबल मांडलं. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला ड्रायव्हर आणि हमाल. आबकारीचे साहेब खुर्चीवर, मोठ्या मिशा, चेहऱ्यावर काही नाही. शालिकभाऊंना मी सांगितलं, "तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. हात मागं बांधून उभे राहा." ते तसे उभे राहिले. अशा उभं राहण्यानं माणूस आधीच गुन्हेगार दिसतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कांताबाईच्या आलं. ती उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आधी मॅनेजरनी पन्नास मिली पाण्यात पन्नास मिली पाणी ओतलं. मापाची मोठी नळी शंभराच्या खुणेपर्यंत भरली. "झालं ना बरोबर? आता नंतर कुणी म्हणू नका की थेंब भांड्याला चिकटले," मी म्हटलं. मग पन्नास स्पिरिट, त्यात पन्नास पाणी. नळीत बारीक बुडबुडे उठले. मी ढवळलं.

"शंभरच दिसते," मागून एक ड्रायव्हर म्हणाला. मॅनेजर वाकून पाहत राहिले. "जरासं कमी आहे. पण एवढा फरक डोळ्याचाही असू शकतो, मॅडम."

"हात लावा नळीला," मी म्हटलं.

त्यांनी लावला आणि मागे घेतला. "गरम झाली?"

"गरम झाली. विस्तवावर ठेवली नाही, उन्हात ठेवली नाही. नवे हात धरले गेले, त्याची ही ऊब आहे. गरम आहे तोवर ते फुगलेलं आहे. निवू द्या."

मग नळी हातोहात फिरली. साल काढणाऱ्या बायकांनी पिवळे हात पदराला पुसून ती धरली, एकमेकींना दिली. "हाव वं, खरंच गरम आहे!" एकच कलकलाट झाला. मी नळी परत घेतली, टेबलावर ठेवली आणि चहा सांगितला. त्या चहाइतका लांबलेला चहा मी पुन्हा कधी प्यायले नाही. खरं सांगते, शास्त्रावर माझा विश्वास होता, पण हात पाठीमागं बांधलेल्या त्या माणसाकडे मला पाहवत नव्हतं.

कप रिकामे झाले. मी मॅनेजरना म्हटलं, "आता मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. चष्मा पुसला. "सत्त्याण्णव," ते म्हणाले.

"आन् तीन कोन पेलं, साहेब?" कांताबाई कडाडली. "मी का तुमी?"

शेड हसण्यानं दणाणली. आबकारीच्या साहेबांच्या मिशाही हलल्या. "आमच्या तक्त्यात हे छापलेलं असते," ते सावकाश म्हणाले. "मला कुणी विचारलंच नाही."

गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण मॅनेजर माणूस हिशेबी. त्यांनी हात वर केला. "ठीक आहे, नळीत कमी होते. टाकीतही होत असेल. पण टाकीतलं कमी या कारणानंच झालं, यानं थोडंही नेलं नाही, हे कसं समजायचं?"

हसणं थांबलं. मला राग आला, पण प्रश्न चुकीचा नव्हता. अर्धवट सुटका घेऊन शालिकभाऊ घरी गेले असते तर कांताबाईचं हुंगणं थांबलं नसतं.

तेवढ्यात शालिकभाऊ पहिल्यांदा बोलले. "मॅडम, जागा कमी व्हते म्हनता. मंग वजन?"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. मीच ते बोलायला तोंड उघडलं होतं. "वजन कमी होत नाही, शालिकभाऊ. दाटीनं बसली म्हणून माणसं हलकी होत नाहीत."

"मंग काट्यावर चाला," ते म्हणाले. "आपल्याकडं संत्रं मोजून इकते आन् कापूस तोलून. मी संत्र्यासारखं मोजलं, तिथंच चुकलं. कापसासारखं तोला."

तिसरी बॅच अजून पिंपांत होती, आबकारीच्या सीलखाली. त्या बॅचचं स्पिरिट आलं तेव्हा सौसरच्या रस्त्यावरच्या धर्मकाट्यावर गाडी तोलूनच आत आली होती, ते वजन गेटवर होतं. पाण्याचा हिशेब तर सोपा, लिटरला किलो. पिंपं टेम्पोत चढवली. आधी आबकारीच्या साहेबांनी सील फोडून आपली काचेची तरंगती नळी आत सोडली आणि स्पिरिटाची ताकद पाहिली. कुणी स्पिरिट काढून पाणी भरलं असतं तर ती नळी वर उठली असती. ती जिथं थांबायला हवी तिथंच थांबली. "बरोबर आहे," साहेब म्हणाले, आणि टेम्पोच्या मागे आमचा अख्खा कारखाना निघाला. साल-विभाग त्या दिवशी कुणी बंद केला, मला माहीत नाही. सुऱ्या ठेवून बायका चालू लागल्या होत्या.

धर्मकाट्यावर कापसाची एक गाडी उभी होती. गाडीवानाला कळलं की काय तोलायचं आहे, तेव्हा त्यानं स्वतःची गाडी मागे घेतली. टेम्पो वर चढला. मोठ्या काट्याला पाच-दहा किलोचं सोयरसुतक नसतं, पण तिसेक लिटर गेलं असतं तर त्यानं लगेच दाखवलं असतं. आकडे पळत राहिले, कमी-जास्त झाले आणि थांबले.

मॅनेजरनी मनाशी बेरीज केली. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होते. रिकाम्या टेम्पोचं वजन, पिंपांचं, स्पिरिटाचं, पाण्याचं. मग काटेवाल्याच्या खिडकीपासून वळून ते सरळ शालिकभाऊंसमोर गेले.

"पूर्ण आहे," ते म्हणाले. "पुरं पूर्ण आहे, शालिकभाऊ. माझीच गलती झाली." खिशातून गोदामाची किल्ली काढून त्यांनी ती सगळ्यांसमोर पुढे केली. त्या माणसाबद्दलचा माझा राग तिथं संपला, कारण चूक कबूल करायला त्यांनी खोलीचं दार लावलं नव्हतं.

शालिकभाऊंनी किल्ली लगेच घेतली नाही. "साहेब, मी चोर असतो तं बादलीभर पानी वतून हजार पुरे केले असते," ते म्हणाले. "कमी भरलं हे तुमाले सांगाले मीच आलतो."

मला हे आधी का सुचलं नाही, याचं आजही नवल वाटतं. दोन टेबलांच्या खोलीची राणी झाले होते, पण या साध्या वाक्याइतका पक्का पुरावा माझ्या एकाही नळीत नव्हता. मॅनेजरनी मान डोलावली आणि किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी अंगठे दाखवले होते, त्यांनीच जास्त जोरात. त्यानंतर मी रिटायर होईपर्यंत दर नव्या बॅचला शालिकभाऊ कामगारांना बोलावून टाकी कशी गरम होते आणि सकाळी कशी उतरते, हे दाखवायचे. कमी भरलेल्या टाकीचा एवढा अभिमान बाळगणारा दुसरा स्टोअरकीपर भारतात नसेल. पण माझ्या डोळ्यांसमोर येतो तो त्या दिवशीचा धर्मकाटाच.

कांताबाईनं आकड्यांकडे पाहिलंच नव्हतं. ती गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली. "मॅडम, पुरं भरलं?"

"पुरं भरलं, बाई. थेंबही गेला नाही."

ती वळली, नवऱ्यापुढे उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "चाला घरी. आजपासून तुमचं तोंड नाई हुंगत मी."

शालिकभाऊंनी किल्ली खिशात टाकली. शर्टाची वरची गुंडी उघडली. इतक्या वर्षांत मी त्यांना ती उघडताना प्रथमच पाहत होते.

"हुंग नं वं," ते हसून म्हणाले. "संत्र्याचाच वास येईन."